कुत्रीच्या दुधाचा धडा

योम ही-जा बालरोग विभागात शिकवते आणि मी परजीवी विभागात. आम्ही एकाच वर्षी पास झालो, एकाच मजल्यावर बसतो, त्यामुळे तिची बारीकसारीक कामं माझ्याकडे येतात. त्या ऑक्टोबरात तिला वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. विषय स्तनपान. वीस विधानं, आणि प्रत्येकापुढे तीन चौकटी: बरोबर, चूक, माहीत नाही. तिच्या तासाला निम्मी मुलं येतात. माझ्या तासाला सगळी येतात, कारण मी हजेरी घेते.

एकशे चार कागद वाटले आणि एक माझ्यासाठी ठेवला. वीस मिनिटं नुसतं उभं राहून करायचं काय? 'पहिल्या दिवसांचं पिवळट दूध पिळून टाकावं.' चूक, एवढं ठाऊक होतं. पुढे अडखळायला लागले. मला मूल नाही, आणि आमच्या वेळी हा विषय अर्ध्या तासात उरकला होता. शेवटी आठ विधानांपुढे 'माहीत नाही'वर खूण केली आणि माझा कागद घडी करून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर योम गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आली.

"तुझ्या पोरांनी माझी आकडेवारी बिघडवली."

"काय केलं त्यांनी?"

"चौदावं विधान बघ. 'आईला जंतांचा संसर्ग असेल तर अंगावर पाजणं थांबवावं.' गेली तीन वर्षं इथे सगळे 'माहीत नाही' लिहितात. प्रामाणिकपणे. या वर्षी एक्क्याण्णव जणांनी 'बरोबर'वर खूण केलीय, तीही ठळक. आणि हा कलावंत बघ."

एका कागदाच्या समासात पेन्सिलीने कुत्री काढली होती. पोटाखाली सहा ठिपके, आणि एका ठिपक्याकडे जाणारा बाण. बाणाच्या शेपटाशी वळवळणारी अळी. चित्र माझंच होतं. एप्रिलमध्ये मी फळ्यावर काढलेलं.

त्या वर्षी मी एक नवा तास घेतला होता. कुत्र्यांमधला अंकुशकृमी फार विलक्षण आहे. त्याच्या काही अळ्या आतड्यात जातच नाहीत. कुत्रीच्या स्नायूंमध्ये जाऊन झोपतात, महिनोन् महिने. ती व्याली, तिला दूध आलं, की त्या जागतात आणि दुधातून पिल्लांच्या पोटात उतरतात. पिल्लू जन्मल्याचा निरोप त्या अळीला कोण देतं, हा माझ्या आवडीचा प्रश्न. त्या तासाला कोणी झोपलं नव्हतं. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा फोन खाली ठेवले होते.

"इतकं ऐकतात, मला कल्पना नव्हती," मी म्हणाले.

"ऐकतात गं. कुत्री कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते, तेवढं तुझं सांगायचं राहिलं." योमने माझ्या टेबलावरचा खजूर उचलला. "हसू नकोस. दोन वर्षांनी हे रोग्यांसमोर उभे राहतील."

मी हसले खरी. शिकवलेलं इतकं पक्कं बसल्याचा आनंद नाही म्हटलं तरी होताच.

तीन वाजता त्याच मुलांचं प्रात्यक्षिक होतं. सूक्ष्मदर्शक लावण्याआधी मी फळ्यावर परत ती कुत्री काढली आणि शेजारी एक बाई काढली. सांगितलं, की हे कुत्रीचं कुत्रीपाशी. आपल्या नदीकाठी माणसाला होतो तो यकृताचा जंत. त्याचं अंडं विष्ठेतून पाण्यात जातं, तिथे गोगलगाय ते खाते, गोगलगायीतून अळी पोहत निघते, माशाच्या मांसात घर करते, आणि तो मासा कच्चा खाल्ला की माणसाच्या पित्तनळीत चढते. त्याचं अंडं आईच्या दुधात गेलं असं धरलं, तरी बाळाला काही होणार नाही, कारण बाळाच्या पोटात गोगलगाय नसते.

वर्ग हसला. प्यो दा-जिन हसली नाही. ती वर्गात पहिली येणारी मुलगी, पुढच्या बाकावर डावीकडे बसणारी. सगळे गेल्यावरही ती एकच काचपात्र धूत उभी होती.

"ते स्वच्छ झालंय," मी म्हणाले.

"मॅडम, मी एका बाईला सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"पाजू नका म्हणून."

मी खुर्ची ओढून बसले. तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

दर वर्षी सप्टेंबरात आम्ही नाकदोंग नदीच्या काठच्या गावांतून विष्ठेचे नमुने गोळा करतो. त्या वर्षी कांगमाल गावात प्यो आली होती. गावप्रमुख भोंग्यावरून नावं घेऊन डबे मागतो, 'चोन काकांचा डबा अजून आला नाही, लाजू नका' असं, आणि प्यो त्या आवाजाला इतकी हसली होती की तिच्या हातून लेबलांची गुंडाळी चिखलात पडली होती. तपासणी झाल्यावर अंडी सापडलेल्या अकरा जणांना फोन करायचं काम मी तिला दिलं. वाक्यंही लिहून दिली होती. अंडी सापडली आहेत, घाबरू नका, कच्चा मासा खाऊ नका, औषधासाठी प्रोफेसर ग्वाक, म्हणजे मी, फोन करतील.

"सातवी बाई चौतीस वर्षांची होती," प्यो म्हणाली. "तिने विचारलं, मी बाळाला अंगावर पाजते, चालेल ना? ते तुमच्या कागदावर नव्हतं."

"मग?"

"मला उत्तर येत होतं."

तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रागावता आलं नाही. विद्यार्थ्याला उत्तर येतंय असं वाटणं, याच्यासारखी सुखाची गोष्ट नाही. मीच तिला ते सुख दिलं होतं.

"कधीची गोष्ट?"

"अकरा दिवस झाले."

"आणि बाळ?"

"तेव्हा एक महिन्याचं होतं."

मी टेबलावरची यादी काढली. अकरा नावं, प्रत्येकापुढे प्योच्या अक्षरात 'कळवलं'. त्याच्या पुढचा रकाना माझा होता. औषधासाठी फोन. तो पूर्ण कोरा. या आठवड्यात करू, पुढच्या आठवड्यात करू, असं करत राहिला होता. मी वेळेवर फोन केला असता तर दुसऱ्याच दिवशी हे उघड झालं असतं. सातवं नाव पे मिन-ग्योंग. तिला तिथून फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

मग योमला फोन करून विचारलं, "अकरा दिवस न पाजता राहिलेल्या बाईचं दूध परत येतं का?"

"येऊ शकतं. कष्ट पडतात. पिळत राहिली असेल तर सोपं. पट्टा बांधून, शिखे पिऊन आटवलं असेल तर आठवडे लागतात, आणि कधी कधी नाहीच येत. कोणाचं?"

"सांगते मग."

शिखे म्हणजे भात आणि मोड आणलेले सातू यांचं गोड पेय. सणाला सगळे पितात, फक्त अंगावर पाजणाऱ्या बाईला कोणी देत नाही. दूध आटतं म्हणतात. आटवायचं असेल तेव्हा मात्र हंडाभर करतात.

मी गाडीची किल्ली घेतली. प्यो न विचारता मागोमाग आली.

पन्नास मिनिटांचा रस्ता. नदीकाठाने स्ट्रॉबेरीचे प्लास्टिकचे मांडव लागले तेव्हा प्योने विचारलं.

"मॅडम, मी काय सांगू त्यांना?"

"जे झालं ते."

"मी कॉलेज सोडायला हवं का?"

"आधी त्या बाईचं दूध बघू."

कांगमालमध्ये पत्ता विचारावा लागला नाही. सहा वर्षांनी गावात मूल झालं होतं. दुकानातल्या बाईने गाडी बघूनच हात केला, "बाळाचं घर ना? निळं फाटक." आणि मग जरा हळू आवाजात, "बिचारी."

फाटक मिन-ग्योंगच्या सासूने उघडलं. साठीची, बुटकी, हातात रबरी मोजे. माल-सुन तिचं नाव, यादीत आठव्या क्रमांकावर तीही होती. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. भुकेचा नाही, चिडलेला, एकसुरी.

मी वाकून नाव सांगितलं. ही आमची विद्यार्थिनी, असंही सांगितलं.

"म्हणजे फोनवरची पोरगी हीच?" माल-सुनने प्योला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवाजावरून वाटलं पन्नाशीची असेल. काय ठामपणे बोलत होतीस."

प्यो कमरेत वाकली आणि तशीच राहिली. "माझी चूक झाली. मी सांगितलं ते खोटं होतं. यकृताचा जंत दुधातून जात नाही. मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं."

माल-सुनने हातातले मोजे काढले, एकात एक घातले.

"पाच पोरं पाजली मी," शेवटी म्हणाली. "नवरा रोज नदीवरून मासा आणायचा, चटणीत बुडवून कच्चाच खायचो दोघं. एकाही पोराच्या नाकाकानातून जंत निघाला नाही. हेच म्हणत होते मी. पण शिकलेल्या पोरीचा फोन आला म्हटल्यावर अडाणी सासूचं कोण ऐकतं? तुला पाजलं होतं का गं तुझ्या आईने?"

"नाही," प्यो जमिनीकडे बघत म्हणाली. "डब्याचं दूध."

"तरीच. सरळ हो आता, कंबर धरेल. चपला तिकडे काढ, इथे मिरच्या वाळताहेत."

आत मिन-ग्योंग बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होती. केस बांधलेले, डोळ्यांखाली काळं, अंगात नवऱ्याचा सदरा. प्योने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी अडखळत. मी त्यात भर घातली, की फोन मी करायचा होता आणि मी केला नाही.

मिन-ग्योंग थांबली. बाळ रडतच होतं.

"म्हणजे मी पाजलं असतं तरी चाललं असतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून? आधीच्या महिन्यात पाजलं, त्यातून त्याला काही झालेलं नाही?"

"काहीच नाही. मी एकवीस वर्षं याच जंताची वाढ बघते आहे. त्याला गोगलगाय लागते, मग मासा लागतो. त्याशिवाय तो मोठा होऊच शकत नाही."

ती खाली बसली. सासूने पटकन बाळ घेतलं.

"मला वाटलं होतं, गेलंच असेल त्याच्या पोटात," ती म्हणाली. "रोज त्याचे लंगोट उघडून बघत होते. काही दिसतंय का, वळवळतंय का." मग काही वेळाने, अगदी हळू, "पोट फाडून झाला तो. वेळेच्या आधी. आईचं म्हणून जे जे करायचं असतं त्यातलं मला एवढंच नीट जमत होतं."

प्यो भिंतीला टेकून उभी होती.

मला विचारायचं होतं तेच विचारायला भीती वाटत होती. "दूध... किती राहिलंय?"

मिन-ग्योंगने सासूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस," माल-सुन म्हणाली. "मी हंडाभर शिखे केलं. आटवायचंच तर नीट आटवावं, नाहीतर गाठी होऊन ताप भरतो. दोनदा केलं. दोन्ही हंडे संपले."

"ते मी नाही संपवलं," मिन-ग्योंग म्हणाली.

"मग?"

"बाबांनी."

सासू बघत राहिली. "तरीच म्हातारा रात्रभर लघवीला उठतोय. मला वाटलं साखर झाली त्याला."

"मला रागावू नका, आई. मला पिववेना. तुम्ही मागच्या अंगणात गेलात की मी त्यांच्या वाडग्यात ओतायची. त्यांनाही आवडायचं."

ती उठली आणि स्वयंपाकघराकडे गेली. मागोमाग आम्ही. किमचीचा जुना फ्रिज कोपऱ्यात होता, आडवा, वरून उघडणारा. डाव्या भागात किमचीचे, कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचे, डबे होते. उजव्या भागाचं झाकण तिने उचललं. तो भाग गोठवण्यावर लावलेला होता. वर मुळ्याच्या पाल्याची पिशवी, माशाचे दोन पुडे. ते बाजूला केल्यावर खाली दुधाच्या चपट्या पिशव्या होत्या, पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. पहाटे पाच, सकाळी आठ, अकरा, दोन.

"दुखायचं म्हणून पिळत होते. पहिल्या दिवशी मोरीत ओतलं. मग ओतवेना. जंताचं दूध आहे हे माहीत होतं. म्हटलं, वसंतात झाडांच्या मुळाशी घालीन." तिने माझ्याकडे पाहिलं. "याचं काय करायचं?"

मी योमला फोन लावला आणि आवाज मोठा केला. अकरा दिवस पिळत होती, एवढं ऐकल्याबरोबर पलीकडे योम मोठ्याने हुश्श म्हणाली.

"मग रडताय कशाला? दूध आहे. पिशव्याही वापरायच्या, आधीच्या तारखेची आधी. कोमट पाण्यात धरून विरघळवा, उकळू नका. आता फक्त त्याची बाटलीची सवय मोडायची. भुकेने किंचाळायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. अंगावरचं काढा, त्याचेही कपडे काढा, अंगाला अंग लागू द्या. आणि खोलीत गर्दी नको. प्रोफेसर ग्वाक, तूही बाहेर. तुला गोगलगायीतलं कळतं."

"आणि औषध?" मिन-ग्योंगने विचारलं. "जंताचं?"

ते उत्तर माझं होतं. "तुमच्या नमुन्यात अंडी फार थोडी आहेत. हा जंत वीस वर्षं शांतपणे राहतो, काही महिने थांबला तर बिघडत नाही. घ्यायचं ठरवाल तेव्हा डॉक्टर योम आणि मी दोघी मिळून सांगू. आज काही नको. कच्चा मासा मात्र कोणीच खायचा नाही." शेवटचं मी माल-सुनकडे बघून म्हटलं.

"मला कशाला सांगता? त्या म्हाताऱ्याला सांगा, शिखे पिऊन झाल्यावर."

आम्ही तिघी बाहेरच्या लाकडी ओट्यावर बसलो. दार लोटलेलं होतं. आत बाळ थोडा वेळ गप्प झालं, मग किंचाळलं. मिन-ग्योंगचा आवाज आला, समजावणारा. पुन्हा किंचाळणं, या वेळी लांब.

"नाही घेत," प्यो पुटपुटली.

"गप्प बस," माल-सुन म्हणाली.

दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. उन्हात मिरच्या पसरल्या होत्या. त्यांच्या वासाने माझे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे सारखं पुसावं लागत होतं. प्रयोगशाळेत मी अळ्या मोठ्या होण्याची वाट बघते, एकेक दिवस, महिनाभर. वाट बघणं हे माझं कामच आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असते. त्या ओट्यावर मला पाच मिनिटंही धड बसवत नव्हतं. दोनदा उठले, दोनदा माल-सुनने मला पदराला धरावं तसं कोटाला धरून खाली बसवलं.

बाळ पुन्हा रडलं, आणि मधेच तोडल्यासारखं थांबलं.

कोणी हललं नाही. माल-सुनने कान दाराकडे केला. ती सावकाश गुडघ्यांवर सरकत गेली, दाराच्या फटीला गाल लावला आणि तशीच राहिली. मग मागे न बघता हाताने प्योला बोलावलं. प्यो तिच्याशेजारी जाऊन ओणवी झाली.

"ऐकू येतंय?" माल-सुनने कुजबुजून विचारलं.

प्योने मान हलवली. नाही.

"नीट ऐक. दोनदा चोखतो, मग गिळतो. क्. क्."

प्योने डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट दिसतं तेव्हा मुलांचे चेहरे असे होतात. मग ती रडायला लागली, तोंडावर हात दाबून, आवाज आत जाऊ नये म्हणून.

"आता ही रडते," माल-सुन म्हणाली. "एक गप्प झालं तर दुसरं." पण तिने प्योच्या पाठीवरून हात फिरवला, जरा जोरातच, ढेकर काढायला मुलाला थोपटतात तसा.

बऱ्याच वेळाने आतून मिन-ग्योंगने हाक मारली. "आई, दुसऱ्या बाजूलाही घेतलं त्याने. आता झोपला." आवाज थकलेला होता, आणि त्यात हसू होतं.

"झोपू दे. तू हलू नकोस." माल-सुन उठली, गुडघे झटकले. "समुद्रशेवाळाचं सूप करते. अकरा दिवस केलं नाही, दूध आटवायचं म्हणून. तुम्ही दोघी जेवून जा."

मी म्हणाले, कॉलेजात काम आहे.

"अकरा दिवस होतंच की काम," ती म्हणाली आणि आत गेली.

मी प्योला म्हटलं, तोंड धुऊन घे आणि त्यांना शेवाळ भिजवायला मदत कर. ती गेल्यावर मी तिथेच ओट्यावर बसून यादी काढली आणि उरलेल्यांना एकेक करून फोन लावायला लागले. पहिल्या काकांनी विचारलं, "प्रोफेसर, त्या बाळाचं काय झालं?"

"पितंय," मी म्हणाले. "आत्ताच प्यायलं."

"असं होय," ते म्हणाले, आणि फोन तसाच हातात धरून त्यांनी घरात कोणाला तरी ओरडून सांगितलं.